चमच्यावरून ओघळतंय का, तेवढं बघ

पत्र असं आहे: "माझी मुलगी सात महिन्यांची आहे. आम्ही कोरेगाव तालुक्यात राहतो. मी एका पतसंस्थेत कामाला आहे आणि पुढच्या महिन्यात परत रुजू व्हायचंय. सहा महिने पूर्ण होईपर्यंत तिला फक्त अंगावरचं दूध दिलं, नंतर वरचं सुरू केलं. सासूबाई वरणाचं पाणी आणि भाताची पेज देतात. दात आल्याशिवाय घट्ट काही द्यायचं नाही, घशात अडकेल, असं त्यांचं म्हणणं. माझी आई माणमधून फोनवर सांगते की नाचणीचं सत्त्व दे. मिस्टरांनी तयार पावडरीचा डबा आणून ठेवलाय. सहाव्या महिन्यात वजन ६ किलो ६०० ग्रॅम होतं, सातव्यात ६ किलो ७०० भरलं. घट्ट काही दिलं की ती जिभेनं बाहेर ढकलते. केळं दिलं तर दोन दिवस शी झाली नाही. घरी काय करू, कसं करू, आणि मी कामावर गेल्यावर ते सगळं कसं जमेल? यावरून घरात रोज बोलाचाली होते आणि मला रडू येतं."

बाळ, आधी वजनाचं बोलू, कारण तुझं रडू तिथूनच येतंय. मुलींच्या वाढीच्या तक्त्यात सात महिन्यांना मधली रेघ साधारण ७ किलो ६०० ग्रॅमवर असते आणि खालची मर्यादा ६ किलोवर. तुझी लेक ६ किलो ७०० ची आहे. म्हणजे तुझ्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डावर ती हिरव्या पट्ट्यातच आहे. काळजी त्या आकड्याची नाही, रेघेची आहे. या वयात महिन्याला तीनशे ग्रॅमच्या आसपास वाढ अपेक्षित असते, तिची शंभर ग्रॅमच झाली. रेघ वर चढायची ती आडवी झाली. आडव्या रेघेकडे पहिल्याच महिन्यात लक्ष गेलं, हे फार चांगलं झालं. मी बावीस वर्षं अंगणवाड्यांचं काम पाहिलं. ही रेघ तीन-तीन महिने आडवी राहिल्यावर कार्ड उघडणारी घरं मी पाहिली आहेत.

आणि सहा महिने निव्वळ अंगावर पाजलंस, वर पाण्याचा थेंब दिला नाहीस, हे तू केलेलं सगळ्यांत मोठं काम आहे. त्याचं श्रेय घरात तुला कोणी दिलं नसेल तर मी देते.

आता अडतंय कुठे ते सांगते. घरचं की डब्यातलं, नाचणी की तांदूळ, यावर तुमच्या घरात भांडण चाललंय, पण खरा प्रश्न पाण्याचा आहे. बाळाच्या पोटात एका वेळी किती मावतं याचा ढोबळ हिशेब म्हणजे वजनाच्या दर किलोला तीस मिली. तुझ्या लेकीच्या पोटात साधारण दोनशे मिली मावणार, म्हणजे आमटीची एक मध्यम वाटी. ती वाटी वरणाच्या निवळीनं भरली की पोट टम्म होतं, बाळ गप्प बसतं, झोपतंही, आणि सगळ्यांना वाटतं जेवण झालं. त्या निवळीत हळद असते, थोडा डाळीचा वास असतो, आणि बाकी पाणी. डाळ भांड्याच्या तळाशी राहिली. आईच्या दुधात त्या निवळीपेक्षा कितीतरी जास्त ताकद असते, आणि पोट पाण्यानं भरलं म्हणून बाळ अंगावर कमी पितं. दुहेरी नुकसान. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी हव्या असतात. त्या पेजेतून आणि निवळीतून भरून निघायच्या तर बाळाला तांब्याभर प्यावं लागेल.

म्हणून माझी एकच कसोटी आहे, घरात कोणीही करू शकेल अशी. शिजवलेलं अन्न चमच्यात घे आणि चमचा तिरका कर. भराभर ओघळलं तर ते पातळ आहे, अजून आटव. चमच्याला धरून राहिलं, हळूच सरकलं, तर बरोबर. घट्ट श्रीखंड नको आणि ताकही नको, मधलं, मलईच्या दह्यासारखं. तू कामावर गेल्यावर सासूबाईंनी तुझं बाकी काहीच ऐकलं नाही आणि एवढंच ऐकलं, तरी माझं निम्मं काम झालं.

दातांचं म्हणशील, तर सासूबाईंची भीती खोटी नाही. घशात अडकणं ही खरी गोष्ट आहे, त्यांनी कदाचित कुठे पाहिलीही असेल. पण अडकतं ते शेंगदाणे, फुटाणे, बेदाणे, अख्खी द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, खोबऱ्याचा तुकडा. मऊ शिजवून घोटलेला भात अडकत नाही. बाळ हिरड्यांनी चावतं, आणि त्या हिरड्या चांगल्या टणक असतात. तुझं बोट देऊन बघ एकदा. दातांची वाट पाहिली तर काही बाळांची पाळी पहिल्या वाढदिवसापर्यंत येत नाही, तोवर काय पेजेवर ठेवायचं? बसवल्यावर मान सावरते ना, आधार दिला की बसते ना, तुमच्या ताटाकडे बघून हात पुढे करते ना? मग ती तयार आहे. भरवताना मात्र बसवूनच भरव. आडवं मांडीवर घेऊन, नाक दाबून घालायचं, हे कधीच नाही.

आणि जिभेनं बाहेर ढकलते म्हणजे तिला आवडलं नाही असं नव्हे. सहा महिने तिनं जीभ फक्त चोखायला वापरली, जीभ पुढे काढायची हीच तिची सवय. आता घास मागे न्यायला ती शिकतेय. नवीन चव मुलं पटकन घेत नाहीत, एखादी गोष्ट आठ-दहा वेळा पुढे आल्यावर घेतात. आज थुंकली, परवा पुन्हा दोन चमचे दे. तोंड फिरवलं की थांब. मोबाईल लावून, तोंड उघडं पडलं की आत सारायचं, असं भरवलेल्या मुलाला भूक आणि पोट भरणं यातला फरक कळेनासा होतो. कधी कधी ती ओकारी आल्यासारखं करेल, डोळ्यांत पाणी येईल, आवाज करेल. तो तिच्या घशाचा राखणदार आहे, घाबरू नकोस. घाबरायचं ते आवाज बंद झाला तर. बाळ निळं पडतंय, खोकता येत नाही, रडता येत नाही, अशा वेळी तोंडात बोटं घालून शोधत बसायचं नाही. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली असं धरायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा मारायच्या, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं, आणि आळीपाळीनं हेच करत दवाखाना गाठायचा. हे तू, तुझे मिस्टर आणि सासूबाई तिघांनीही उशीवर करून बघा. नंतर कधी लागणार नाही अशी प्रार्थना करते.

आता स्वयंपाकघरात जाऊ.

खिचडीपासून सुरुवात कर, कारण तिला वेगळं काही आणायला नको. इंद्रायणी तांदूळ घरात असेल तर उत्तम, तो मुळातच चिकट, घोटला की छान एकजीव होतो. दोन मुठी तांदूळ, एक मूठ मुगाची डाळ. दोन्ही धुऊन, निथळून, कोरड्या कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून घे. भाजल्यानं पचायला हलकी होते आणि चवही चांगली येते. मोजून चौपट पाणी, वर तांबड्या भोपळ्याची किंवा गाजराची एक फोड, चिमटीभर हळद, कुकरला चार-पाच शिट्ट्या. मीठ नाही. झाकण उघडलं की गरम असतानाच घोटायचं. मिक्सर नको. मिक्सरमधून सगळं सारखं गुळगुळीत निघतं आणि पुढे बाळ जरा कण लागला तरी तोंडातून काढतं. तुमच्याकडे पुरणयंत्र असेलच. त्याची बारीक जाळी लाव आणि खिचडी त्यातून काढ. रवाळ, मऊ, कुठे गाठ नाही, आणि तरी त्यात दाणा जाणवतो. आठव्या महिन्यात जाळी बदल, जाड लाव. नवव्या महिन्यात नुसतं चमच्यानं कुस्कर. नऊ-दहा महिन्यांपर्यंत कणांची सवय लागली नाही तर पुढे भरवताना फार रडवतात मुलं. शेवटी अर्धा चमचा साजूक तूप. एक लहान चमचा तूप म्हणजे जवळपास ४५ कॅलरी, आणि वाटीचा आकार जराही वाढत नाही. शिवाय भोपळ्या-गाजरातलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्ध हवंच.

सुरुवातीला दिवसातून दोन वेळा, दोन-तीन मोठे चमचे. आठवड्याभरात तिसरी वेळ. हळूहळू एका वेळी अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा आणि मध्ये एखादं फळ. अंगावरचं दूध चालूच, तेच अजून तिचं मुख्य अन्न आहे, आणि दोन वर्षांपर्यंत दिलंस तर चांगलंच.

आता तुझ्या आईच्या नाचणीकडे येते, कारण इथे मला जरा जास्त बोलायचंय. नाचणी म्हणजे आपल्या जावळी-पाटणच्या डोंगराची देणगी. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुसऱ्या कुठल्या धान्यात इतकं नाही. पण सत्त्व कसं करतात आपल्याकडे? नाचणी भिजवून वाटायची, पातळ फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका वाळवायचा, आणि फडक्यातला चोथा टाकायचा. माझ्या मुलीच्या वेळी मीही तसंच केलं, चोथा म्हशीच्या आंबोणात घातला. पांढरंशुभ्र सत्त्व निघालं म्हणून सासरी कौतुकही झालं. नोकरीत लागल्यावर प्रशिक्षणात कळलं की नाचणीचं बहुतेक कॅल्शियम तिच्या सालीत असतं. म्हणजे म्हशीला कॅल्शियम आणि मुलीला पिठूळ पांढरं पाणी. आजही तो चोथा डोळ्यांपुढे येतो.

म्हणून वस्त्रगाळ सत्त्व नको, मोड आलेल्या नाचणीचं पीठ कर. नाचणी चार पाण्यांनी धू, खडा-माती जाईपर्यंत. रात्रभर भिजव. सकाळी निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांध आणि खुंटीला टांग. फडकं वाळू द्यायचं नाही, दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपड. उन्हाळ्यात एका दिवसात, आताच्या थंडीत दीड-दोन दिवसांत दाण्यांना पांढरे बारीक मोड फुटतील, तांदळाच्या कणीएवढे. फार लांब वाढू देऊ नको. आंबूस किंवा चिकट वास आला तर तो घाणा टाकून दे, बाळाच्या बाबतीत काटकसर नको. मग स्वच्छ धोतरावर सावलीत पसर, वर पातळ कापड, माशा बसू देऊ नको. खडखडीत वाळली की हातावर चोळून मोड झाड, सुपात पाखड. मंद आचेवर हलकं भाजून दळून आण. गिरणीत देताना एक सांगायचं विसरू नको, आधी कोणाची तरी मिरची किंवा मसाला दळलेला नसावा. पहिलं पसाभर पीठ बाजूला काढ, ते घरच्या भाकरीला वापर. नंतर घरी चाळणीनं चाळ, फडक्यानं नको.

मोड आणण्यानं नाचणीतलं लोह-कॅल्शियम अडवून धरणारं द्रव्य कमी होतं, हा एक फायदा. दुसरा फायदा मी जावळीतल्या एका वाडीत बायकांना दाखवला होता, तो अजून जसाच्या तसा आठवतो. मोड आलेल्या नाचणीतली दोन मुठी न भाजता, नुसती उन्हात वाळवून वेगळी दळली होती. नाचणीची खीर इतकी घट्ट शिजवली की पळी त्यात उभी राहिली. एक आजी म्हणाल्या, आता हे बाळ कसं गिळणार, घाला पाणी. पातेलं खाली उतरवलं, रटरट थांबली पण वाफ येत होती, तेव्हा त्यात ते न भाजलेलं पीठ अर्धा चमचा घातलं आणि ढवळत राहिले. पाच मिनिटांत खीर सैल झाली, पळीवरून धार लागली, पाण्याचा थेंब न घालता. आजींनी पळी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ढवळून पाहिली. मोड येताना धान्यात एक पाचक रस तयार होतो, तो पिठूळपणा मोडतो आणि खीर सैल करतो. म्हणजे दुप्पट पीठ घालूनही बाळाला गिळता येईल अशी खीर होते. जितकी वाटी तितकंच पोट, पण ताकद दुप्पट. जोरात भाजलं की तो रस मरतो, म्हणून हे अर्ध्या चमच्याचं पीठ न भाजलेलं हवं. सैल झाल्यावर खीर पुन्हा एकदा उकळायची, हे चुकवायचं नाही, कारण ओल्या धान्यावर जंतू वाढलेले असू शकतात.

रोजच्यासाठी भाजलेलं पीठ पुरेसं आहे. पोहे खायच्या चमच्यानं दोन शिगोशीग चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालव, गुठळी मोड, मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजव, तूप घाल, पिकलेलं केळं किंवा उकडलेलं रताळं कुस्करून घाल. झाली गोड खीर, साखरेशिवाय.

आता लोह. इथे मी तुला जरा हट्टानं सांगणार आहे. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह थोडंच. नेमक्या याच वेळी आपण मुलांना पांढरं-पांढरं देतो: पेज, साबुदाणा, दूध-बिस्कीट. तुमच्या घरात अंडं-मटण चालत असेल तर आताच सुरू कर, वर्षाची वाट बघू नको. पूर्ण उकडलेलं अंडं, आधी पाव, मग अर्धं, खिचडीत कुस्करून. कोंबडीचं काळीज शिजवून, किसून, आठवड्यातून एखादवेळी एक चमचा. रविवारी घरात मटण शिजतं तेव्हा मुलांना अळणी पाजायची आपली पद्धत. पण अळणीचं पाणी म्हणजे वरणाच्या निवळीचं थोरलं भावंड. ताकद त्या मांसाच्या तंतूत आहे. मीठ पडण्याआधी एक फोड वेगळी शिजव, पाट्यावर बारीक वाट आणि भातात कालव. चालत नसेल तर मसूर, मटकी, कोरेगावचा वाघ्या घेवडा. घेवडा मात्र रात्रभर भिजवून, बोटानं चिरडेल इतका शिजवून, साल काढून. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळ, आंबट गोष्टीनं डाळीतलं लोह अंगी लागतं. आणि घरात कोणीही बाळाला चहात बुडवलेलं बिस्कीट चाटवू नये. चहा लोह अडवतो, साखर जीभ बिघडवते.

याखेरीज आशाताईंकडून लोहाचं औषध मिळतं, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आठवड्यातून दोनदा एक मिली. ते घेतलंयस का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारते. खाल्ल्यानंतर द्यायचं, ताप असेल तेव्हा थांबायचं. शी काळपट होते, त्याला भ्यायचं नाही.

शेंगदाण्याबद्दल एक. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही. पण भाजून, साल काढून, अगदी मऊ कूट करून खिचडीत पाव चमचा, हे आताच देता येतं. लंडनमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता, त्यांनाच लहानपणापासून शेंगदाणा नियमित दिला, तेव्हा पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी ८० टक्क्यांच्या आसपास कमी आढळली. दाणे मात्र निवडून घे. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा एकही नको. अंगावर मोठा इसब असेल, किंवा अंड्यानं गांधी उठल्या असतील, तर शेंगदाणा आधी डॉक्टरांना विचारून. आणि कुठलीही नवी गोष्ट एकावेळी एकच, दोन-तीन दिवस तीच, सकाळच्या वेळी, म्हणजे काही उठलं तर दिवसाउजेडी कळतं. ओठ सुजले, लागोपाठ उलट्या झाल्या, श्वास घरघरला, तर वाट न बघता दवाखाना.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही. उष्टावणाला सोन्याच्या अंगठीनं चाटवायचा, बोटभरच, असंही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, पण तान्ह्या आतड्यात रुजून विष तयार करतात, आणि बाळाचं अंग लुळं पडतं. उकळूनही ते मरत नाहीत. उष्टावण अजून व्हायचं असेल तर खीर तशीच ठेवा, केळ्यानं गोड करा, अंगठीही असू दे. मीठ आणि साखर वर्षभर नको, गूळही नको. गूळ काळा असला तरी साखरच. गाईचं-म्हशीचं दूध खिरीत थोडं चालेल, प्यायला मुख्य दूध म्हणून वर्षानंतर. फळांचा रस नको, फळ कुस्करून दे. गुटीत जायफळ उगाळत असाल तर तेवढं बंद करा. जायफळानं मूल शांत होत नाही, गुंगतं.

मिस्टरांचा डबा फेकायची गरज नाही, त्यांनी काळजीनंच आणलाय. त्यात लोह घातलेलं असतं, प्रवासात उपयोगी पडेल. पण मागची बारीक अक्षरं वाच, साखर कुठल्या क्रमांकावर आहे ते बघ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. आणि डब्यातलंही पातळ केलं तर तीच निवळी. लहान मुलांच्या या तयार अन्नाची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून कोणी ओळखीचा "हेच द्या" म्हणून डबा हातात ठेवत असेल तर त्याला हे सांगा. अंगणवाडीतून सहा महिन्यांपासून घरी न्यायला आहार मिळतो, तो तुझ्या लेकीचा हक्क आहे. जाऊन नाव घाल.

केळ्यानं शी अडली ती केळं कच्चट असेल म्हणून. सालीवर काळे ठिपके आलेलं घे, आणि दोन दिवस पपई दे. वरचं सुरू झालं की उकळून गार केलेलं पाणी, प्रत्येक जेवणानंतर चार-पाच चमचे, वाटी-चमच्यानं. बाटली नको.

आता तू कामावर गेल्यावरचं. सकाळी उठून तीन वेळचं करून ठेवू नकोस. तांदूळ-डाळ धुऊन, वाळवून, भाजून, भरडून डब्यात भरून ठेव, पंधरा दिवसांचं. सासूबाईंना फक्त दोन चमचे भरड आणि पाणी कुकरमध्ये लावायचं राहील. घरच्या आमटीतून, चटणी-मीठ पडण्याआधी, तळातली घट्ट डाळ तिच्यासाठी बाजूला काढायची. नवव्या महिन्यात ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा काढून, आतला मऊ भाग त्या डाळीत मुरवून. शिजवलेलं बाहेर दोन तासांच्या वर नको. फ्रीजमध्ये ठेवायचंच तर एक दिवस, आणि पुन्हा वाफ येईपर्यंत गरम करून. तुमच्याकडे लाईट जाते, तर फ्रीजवर फार विसंबू नको. वाटीत उष्टं राहिलं ते संध्याकाळी द्यायचं नाही, लाळ लागलेलं अन्न लवकर नासतं. तुझं दूध काढून स्वच्छ स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवलंस तर थंड जागी चार तास, फ्रीजमध्ये दिवसभर चालतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर पतसंस्थेला कायद्यानं तुला मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी द्यावी लागते. संकोच करू नको, लेखी माग.

राहिल्या सासूबाई. तुझ्या पत्रात त्या वाईट दिसत नाहीत, घाबरलेल्या दिसतात. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नको, उगाच तुझी बाजू घेतल्यासारखं होईल. त्यापेक्षा नाचणीला मोड आणायचं काम त्यांच्याकडे सोपव. फडकं किती ओलं ठेवायचं, कधी उकलायचं, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मटकीला त्यांनी आयुष्यभर मोड आणलेत. मग एक दिवस त्यांच्यासमोर घट्ट खीर कर आणि ते अर्ध्या चमच्याचं पीठ त्यांच्याच हातानं घालू दे. चमचा त्यांच्या हातात असला की तो तिरका करून बघायचं त्या स्वतःच करतील. आणि निवळी बंद करा असं म्हणू नकोस, "आत्या, तळातलं द्या" एवढंच म्हण.

महिन्यानं वजन कर. त्याच काट्यावर, सकाळीच, लंगोट काढून, कारण सुती कपडे आणि स्वेटर मिळून दोनशे ग्रॅम सहज होतात आणि मागच्या वेळी नेमकी तशीच गडबड झालेली असू शकते. ७ किलोच्या आसपास भरलं तर मला दोन ओळी लिही. पुन्हा शंभरच वाढलं, किंवा मधे जुलाब-ताप झाला, किंवा ती मलूल राहू लागली, तर पुढच्या महिन्याची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखव, आणि जाताना ते कार्ड बरोबर ने.